लायकीचे कागद

औरंगाबाद,
पौष वद्य ३, शके १८६२

ती. आप्पांस,
द्वारकेचा शि. सा. न. वि. वि.

वहिनींनी पाठवलेली बाजरी आणि तिळगूळ मिळाला. मोटारवाल्यानं पिशवी घरी न आणता शाळेच्या दारात टाकली आणि मुलींनी ती माझ्याआधी उघडली. तेव्हा तिळगूळ कसा झाला होता ते वहिनींनी मला विचारू नये.

आता कामाचं लिहिते. अकरा वर्षं मी सकाळी घराघरांतून मुली गोळा करून शाळेत नेते आणि शाळा सुटली की पोचवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी तीन-चार दिवस दिसली नाही, की तिच्या घरी जाऊन बसायचं, आईशी बोलायचं, बापाची समजूत घालायची, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते आपसूक माझ्याकडं आलं. आता सरकारनं त्या कामाला हुद्दा दिला आहे. त्याचं नाव निगराण. मुलींच्या अडीअडचणी पाहायच्या, गैरहजर मुलींच्या घरी जायचं, त्यांची शाळा सुटू नये म्हणून खटपट करायची. आमच्या मोठ्या बाईंनी मला हुकूम वाचून दाखवला तेव्हा वाटलं, कुणी तरी माझ्या मागं मागं हिंडून हे लिहून घेतलं असावं.

पण त्याच्याखाली लायकीचं कलम आहे. उर्दूतून मिडल पास. ट्रेनिंगचा दाखला. मुल्की असल्याचा दाखला, म्हणजे आपण याच संस्थानातले, बाहेरून आलेले नाही, याचा. तब्येतीचा दाखला. दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सहीचे वर्तणुकीचे दाखले. माझ्याकडं मराठी चौथी आहे आणि दोन्ही पायांना भेगा आहेत. मोठ्या बाई म्हणाल्या, थट्टा नको, एक सवलत आहे. जिनं दहा वर्षं शाळेत काम केलं, तिनं त्या कामाची हकिकत अर्जाला जोडावी. ती पसंत पडली, तर ट्रेनिंगची अट माफ, आणि मिडलसाठी दोन वर्षांची मुदत. अर्ज सरकारी सालातला फरवर्दी महिना संपायच्या आत गेला पाहिजे.

निगराण नेमली की मुली गोळा करायचं कामही तिच्याकडंच जाणार. म्हणजे मिळालं तर मला दोन्ही मिळेल, नाही तर आहे तेही जाईल. तेव्हा बिडकीनच्या पटवाऱ्याकडून माझ्या जन्माचा कागद काढा. अर्जही तुम्हीच लिहा. तहसिलीत इतकी वर्षं काढलीत, तुमच्यासारखी उर्दू मला सात जन्मांत यायची नाही.

तुम्ही काकासाहेब वकिलांच्या भागूचं विचारलं होतं. ती आता रोज येते, पण दुपारनंतर. तिची आई जालन्याला माहेरी असते असं सगळं शहर समजतं. ती घरातच, मागच्या खोलीत असते, हे मी तुम्हाला दिवाळीत कळवलं होतं. तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. भागूशिवाय कुणाच्या हातचं खात नाही, बाकी कुणाला ओळखतही नाही. जेवून ती निजली, की ही बारा वर्षांची पोर दप्तर घेऊन निघते. मी मोठ्या बाईंना एवढंच म्हटलं, की हिला सकाळ माफ करा आणि कारण विचारू नका. त्यांनी केलं. भागूनं मला हे सांगितलं तेव्हा माझा पदर मुठीत धरला होता. कुणाला सांगणार नाही म्हटल्यावर सोडला. घरात बाहेरच्यांची ये-जा नको म्हणून तिचा बाप तिची शाळाच बंद करायला निघाला होता, ते तूर्त टळलं आहे.

गोदू शाळेतून घरी बसली तरी लेकीचं वाचन सोडू देऊ नका. माझी काळजी करू नये. लोभ आहे, तो असाच राहावा.

आपली,
द्वारका


पैठण,
१७ इस्फंदार १३५० फसली

चि. द्वारकेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणं सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझी वहिनी, गोदू आणि शेजारच्या मनकर्णाबाई असा आमचा दरबार असतो. पायांच्या भेगांपाशी तुझी वहिनी हसली, मग म्हणाली, तिला मेण अन्‌ तेल पाठवा. सोबत डबी आहे.

रविवारी बिडकीनला जाऊन आलो. बन्सी पटवाऱ्याला तू लख्ख आठवतेस. म्हणाला, द्वारकाबाई म्हंजी आमच्या चिंचंवरून पडल्या त्याच ना, लई आगाऊ पोरगी व्हती. दाखल्यात तेही लिहू का, असं त्यानं अगदी गंभीर तोंड करून विचारलं. मी म्हटलं, बाबा, जन्म लिही, पडणं राहू दे. त्यानं शिक्का मारून दिला. तेव्हा तू आता कागदोपत्री मुल्की झालीस.

वर्तणुकीचा एक दाखला तहसीलदारसाहेबांकडून घेतला. त्यांनी विचारलं, तुमच्या बहिणीची वर्तणूक चांगली आहे काय. मी म्हटलं, होय. मग त्यांनी लिहिलं, की या बाईंना मी पुष्कळ वर्षांपासून चांगला ओळखतो. दुसरा दाखला आपल्या ओळखीच्या एका जमीनदारांनी तेवढ्याच ओळखीवर दिला.

अर्जाची चिंता तू करू नकोस. वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, बहिणीचा लिहायची पाळी पहिल्यांदा आली. तो असा लिहीन, की वाचणाऱ्यानं खुर्ची पुढं ओढून वाचावा. तू मिडलचं गणित कर.

घरी सर्व खुशाल. आठवण ठेवावी.

तुझा,
आप्पा


औरंगाबाद,
माघ शुद्ध १०

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

दाखले मिळाले. ते पेटीत ठेवते आणि मधून मधून काढून वाचते. ज्यांनी मला कधी पाहिलं नाही त्यांना माझी इतकी खात्री आहे, हे वाचून बरं वाटतं. ज्या बायकांच्या चुलीपाशी मी अकरा वर्षं बसले, त्यांची सही कुठल्याच कागदावर चालत नाही.

तब्येतीचा दाखला जनाना दवाखान्यातून आणला. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, जीभ पाहिली आणि रोज किती चालता असं विचारलं. मी औरंगपुरा, गुलमंडी, राजाबाजार, परत शाळा, असं सांगत गेले तशा त्या लिहायचं सोडून ऐकत बसल्या.

आमच्या शाळेतल्या वहिदा बाई शाळा सुटल्यावर मला शिकवतात. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण छडी घेऊनच बसतात. मारत नाहीत, टेबलावर वाजवतात. उर्दू वाचायला जमू लागलं आहे. अपूर्णांक मात्र वर कोण आणि खाली कोण हेच विसरते. त्या मला आपा, म्हणजे ताई म्हणतात. काल म्हणाल्या, आपा, तुम्ही चारशे घरांची नावं पाठ ठेवता आणि दोन आकडे ठेवता येत नाहीत. मी म्हटलं, आकड्यांच्या घरी मी कधी गेले नाही.

कामाच्या हकिकतीत काय लिहायचं ते मला सुचत नाही. दोन वेळा लिहायला बसले. मी जाऊन बसले, ऐकलं, परत आले, याच्यापुढं हात चालत नाही. आपण काही केलं असं वाटतच नाही. तुमच्याकडं माझी अकरा वर्षांची पत्रं आहेत. त्यांतूनच काय घ्यायचं ते घ्या. मोठ्या बाई म्हणतात, हकिकत भरीव पाहिजे, सवलतीचं सगळं तिच्यावरच आहे. अर्ज पाठवायच्या आधी एकदा माझ्या नजरेखालून घाला.

खरं लिहू का, आप्पा. आधी मला ही जागा नुसती मिळाली तर बरी, असं वाटत होतं. आता हवीशी वाटते. सकाळी कुंभारवाड्याच्या वळणावर पाच-सहा पोरी दप्तरं पोटाशी धरून माझी वाट पाहत असतात. तिथं दुसरी कुणी उभी असेल असं मनात आणून पाहिलं, तर ते चित्र डोळ्यांपुढं येत नाही.

गोदूस, वहिनींस यथायोग्य. माया कमी होऊ देऊ नये.

आपली,
द्वारका


पैठण,
२२ फरवर्दी १३५०

चि. द्वारकेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

कळवण्यास आनंद होतो, की अर्ज आज सकाळच्या मोटारीनं आमच्या कचेरीतल्या गयासमियांबरोबर थेट तुमच्या मोठ्या बाईंकडं रवाना केला. तुझ्या नजरेखालून घालायचा होता, पण मुदत आठ दिवसांवर आली. तू वाचायला चार दिवस घेतले असतेस आणि पाचव्या दिवशी मला म्हणाली असतीस, की इतकी स्तुती नको. म्हणून नक्कल तेवढी तुला पाठवतो.

तारेला लावलेली तुझी सगळी पत्रं खाली काढली. तीन दिवस मी वाचत होतो, गोदू धूळ झटकून देत होती. त्यांतून निवडक चौदा मुलींची प्रकरणं घेतली. प्रत्येकीचं नाव, बापाचं नाव, मोहल्ला, अडचण काय होती आणि तू काय केलंस, असं रकाने पाडून लिहिलं. नावाशिवाय कागद कचेरीत चालत नाही. नाव नसलं की तपासणारा म्हणतो, ही कहाणी आहे. सगळ्यात वजनदार म्हणून काकासाहेब वकिलांच्या घरचं प्रकरण पहिलं घातलं. असं नामांकित घर, आईची अशी अवस्था, आणि तिथली मुलगी तू शाळेत टिकवलीस. हे वाचून जो सही करणार नाही त्याला मी माणूस म्हणणार नाही.

चौदाही लिहून झाल्यावर मी सगळ्यांना वाचून दाखवलं. मनकर्णाबाईंनी डोळे पुसले. आपल्या घरातल्या बाईनं एवढं काम केलं हे मला पत्रं वाचताना सुटं सुटं कळत होतं, एकत्र लिहिताना कळलं. हे तुला तोंडावर सांगितलं नसतं.

आता पेढ्यांची तयारी ठेव. प्रकृतीस जपावं.

तुझा,
आप्पा


औरंगाबाद,
फाल्गुन शुद्ध १

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

नक्कल परवा मिळाली. उर्दू वाचायला मला वेळ लागतो, पण पहिल्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते ओळखायला लागला नाही. तशीच उठून शाळेत गेले.

अर्ज मोठ्या बाईंच्या पेटीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जायचा होता. मी तो परत मागितला. त्यांनी वाचला होता. पेटीतून काढून माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, द्वारकाबाई, मी वाचलाच नाही असं समजा.

मग आम्ही दोघी बसलो. मी विचारलं, नावं गाळून दिला तर. त्या म्हणाल्या, चालणार नाही. हकिकत खरी आहे का हे पाहायला कचेरीचा माणूस घरोघर जाणार आहे. तो काकासाहेबांच्या दारात उभा राहून विचारील, की तुमच्या पत्नी मागच्या खोलीत असतात हे खरं काय. त्यानंतर भागू शाळेत येईल का, आणि तिची आई त्या घरात तरी राहील का, हे तुम्हीच मनात आणून पाहा, आप्पा. मोठ्या बाई म्हणाल्या, मग भागूचं काढा, उरलेल्या तेरा द्या. मला ते पटल्यासारखं वाटलं. दुपारभर शाळेच्या ओट्यावर बसून मी तेरा वाचल्या. एकीला सावत्र आई जेवायला देत नव्हती. एकीच्या पाठीवर पांढरा डाग आहे. एकीच्या बापाला दारूपायी चावडीत बसवलं होतं. कुणीच मला हे चारचौघांत सांगितलेलं नाही. माझं काम म्हणून जे आहे ते एवढंच आहे, आप्पा. हे काढून घेतलं तर खाली नुसतं चालणं उरतं, आणि चालण्याची हकिकत कुणी पसंत करणार नाही.

म्हणून अर्ज मी दिला नाही. नवा लिहायला आता मुदत पुरणार नाही आणि लिहिण्याजोगं काहीही नाही.

तुम्हाला दोष देत नाही. त्यातून घ्या, असं मीच लिहिलं होतं. त्याच्याही आधी मी भागूला वचन दिलं आणि महिन्याच्या आत तुम्हाला कळवलं. वाटलं, आप्पा म्हणजे काही परके नव्हेत. पत्र घरात वाचलं जातं हे ठाऊक असून लिहिलं. संध्याकाळी खोलीत एकटीला ते सगळं बोलायला कुणी नसतं, म्हणून लिहीत गेले. ते माझं चुकलं. भागूला यातलं काही माहीत नाही, ती आजही दुपारी आली आणि माझ्याकडं पाहून हसली. मला तिच्याकडं पाहवेना.

एक मागणं आहे. ती जुनी पत्रं जाळून टाका. वहिनी, गोदू आणि मनकर्णाबाई यांना सांगा, की ऐकलेलं तिथंच राहू द्या. यापुढं माझ्या पत्रात कुणाच्या घरातलं काही येणार नाही, तेव्हा ती खुशाल वाचून दाखवा.

राग धरू नये ही विनंती.

आपली,
द्वारका


पैठण,
२८ फरवर्दी १३५०

द्वारकेस आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते टपालात टाकण्यासारखं नव्हतं.

अकरा वर्षं तू उन्हातान्हात पाय झिजवलेस. एक कागद त्या कामाला नाव देणार होता, तो तू स्वतःच्या हातानं परत घेतलास. कुणासाठी, तर जिला तू काय केलंस हे कळणारही नाही अशा पोरीसाठी. वकिलाच्या घरात काय आहे ते आज ना उद्या शहराला कळणारच आहे. तुझ्याकडून कळलं नाही म्हणून ते झाकलेलं राहील असं नाही. तहसीलदारसाहेब रोज विचारतात, बहिणीचं काय झालं. त्यांना मी काय सांगू. की तिची वर्तणूक फार चांगली निघाली म्हणून जागा गेली?

तुझी वहिनी तुझ्या बाजूनं आहे. तिनं मला सरळ विचारलं, की उद्या आपल्या घरातलं कुणी असं रकान्यात लिहिलं तर. मी म्हटलं, आपल्या घरात लिहिण्यासारखं काय आहे. गोदू नुसती ऐकत होती.

पत्रं जाळायचं पाहू. माझी बहीण काय आहे हे सांगणारा तेवढाच पुरावा माझ्याजवळ आहे.

इथं निघून ये. माळवदाकडची खोली रिकामी आहे. गोदूला बिडकीनचं चांगलं स्थळ आलं आहे, वैशाखात मंडळी पाहायला येतील, तेव्हा घरात आणखी एक बाईमाणूस हवंच आहे. त्या गावात नोकरीवाचून एकटीनं काय करणार?

कळावे.

आप्पा


औरंगाबाद,
फाल्गुन वद्य ५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा राग मिळाला. तो माझ्यापायी आहे, म्हणून गोडच मानला.

जागा भरली. शमशाद बाई म्हणून जालन्याच्या आहेत, चोवीस वर्षांच्या. मिडल, ट्रेनिंग, सगळे दाखले एका निळ्या फायलीत, तेही ओळीनं. मला वाटलं होतं मला त्यांचा राग येईल. पण पहिल्याच दिवशी नवी चप्पल लागून त्यांच्या टाचेला फोड आला आणि मी वहिनींनी पाठवलेलं मेण काढून दिलं. त्यानंतर राग धरणं अवघड झालं.

मोठ्या बाईंनी सांगितलं आहे, की पाडव्यापर्यंत मी त्यांना घरं दाखवावीत, तिथून पुढं माझं काम संपलं. रोज सकाळी आम्ही दोघी निघतो. बाई हुशार आहेत, मनानं चांगल्या आहेत. एका मुलीला त्यांनी वर्गात सगळ्यांपुढं उभं करून विचारलं, की चार दिवस का आली नाहीस. मुलगी जमिनीकडं बघत राहिली. नंतर नळापाशी मी त्यांना म्हटलं, बाई, ट्रेनिंगमध्ये फळ्याकडं तोंड करायला शिकवतात, आपल्याला भिंतीकडं तोंड करून शेजारी बसायला शिकावं लागतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला लाजल्यासारखं झालं, पण त्यांनी लिहिलं ते बरं वाटलं.

काही घरांपाशी मी त्यांना एवढंच सांगते, की इथं बाहेरून हाक मारायची नाही, किंवा इथली मुलगी दुपारी येते, तिला तसंच येऊ द्या. का, ते त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. तुम्हाला नाही सांगितलं तरी मनाला लावून घेऊ नका.

पैठणला मी आत्ता येणार नाही. दोन घरी भाकऱ्यांचं काम मिळालं आहे आणि मिडलला बाहेरून बसायचं ठरवलं आहे. वहिदा बाई सोडायला तयार नाहीत. जागा गेली तरी अपूर्णांक गेले नाहीत, म्हणतात. गोदूच्या स्थळाचं ऐकून आनंद झाला.

माझ्यावरचं मन निवळलं की दोन ओळी टाकाव्यात.

आपली,
द्वारका


पैठण,
बुधवार

ती. आत्यास,
गोदूचा शि. सा. न. वि. वि.

मी हे पत्र मनकर्णाबाईंच्या हाती देत आहे. त्या पाडव्याला लेकीकडं औरंगाबादला चालल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही. लोणच्याची कृती आत्यानं मागितली आहे असं मी त्यांना सांगितलं आहे.

आप्पा तुमच्यावर रागावले होते, पण काल त्यांनी तुमची सगळी पत्रं जाळली. एकेक वाचायचे आणि बंबात टाकायचे. आई म्हणाली, वाचत बसू नका, पाणी उकळलं. त्यामुळं सगळ्यांना आंघोळीचं पाणी लई कडक झालं. रोज जेवताना मात्र म्हणतात, परक्याच्या पोरीचं नाव वाचवायला घरची भाकरी गमावली. रोज ऐकून ऐकून मला वाटलं, की मग आत्याला सांगायला हरकत नाही. आधी भीती वाटत होती, कारण भागूचं आम्हाला कळलं होतंच. पण यापुढं असं होणार नाही हे तुम्ही लिहिलंत, ते मी ऐकलं आहे.

आत्या, मला दिवस मावळला की दिसत नाही. दिवाळीपासून असं होतं. दिवसा सगळं दिसतं, सुईत दोरा ओवते. संध्याकाळी दिवा लावला की तो कापसाच्या बोळ्यासारखा वाटतो आणि बाकी सगळं काळं. चुलीपासून रांजणापर्यंत सात पावलं आणि रांजणापासून दारापर्यंत अकरा, अशी मोजून चालते. अजून कुणाला कळलं नाही. आईला वाटतं मी आळशी झाले, संध्याकाळी कामाला उठत नाही.

बिडकीनची मंडळी वैशाखात येणार आहेत. ती दिवेलागणीला येतील असं ठरलं आहे, कारण उन्हात बैल जुंपत नाहीत. मला चहाचं ताट घेऊन बाहेर जावं लागेल. तिथली पावलं मी मोजलेली नाहीत. त्यांना कळलं तर आंधळी पोरगी दाखवली म्हणतील आणि आप्पांना कुठं तोंड दाखवता येणार नाही. न सांगता लग्न झालं तर त्या घरात मी काय करू, हे कळत नाही. मी सारखी आंधळी होत जाणार का?

मला उत्तर लिहू नका. इथं कुणाचंही पत्र आलं तरी आप्पा मोठ्यानं वाचतात. मी लिहिलं असंही कुठं लिहू नका. काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मी ऐकत राहीन.

आपली,
गोदू


औरंगाबाद,
चैत्र शुद्ध ५, शके १८६३

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पाडवा इथं नीट पार पडला. शमशाद बाईंना घरं दाखवून झाली, माझं शाळेतलं काम संपलं. शेवटच्या दिवशी पोरींनी मला पोचवायला यायचा हट्ट धरला, म्हणून रोजच्या उलट झालं, त्यांनी मला घरी आणून सोडलं. मोठ्या बाईंनी दुपारी अभ्यासाला शाळेत बसायची परवानगी दिली आहे. सगळ्यांत मागच्या बाकावर.

आज लिहिण्याचं कारण मात्र माझ्या प्रकृतीचं आहे. मला दिवस मावळला की नीट दिसत नाही. तुम्हाला कळवलं नव्हतं. दिवसा काही त्रास नाही, पण दिवेलागण झाली की अंधारच. मी घाबरून कुणाला बोलले नाही. वाटत होतं, हे असंच वाढत जाणार आणि लोक आंधळी म्हणायला लागणार. शेवटी काल जनाना दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की हे पुष्कळ बायका-मुलींना होतं. पोटात जायला पाहिजे ते गेलं नाही की डोळ्यांवर येतं. बहुतेक वेळा औषधानं जातं, लवकर आलात हे चांगलं केलंत. यात लाजण्यासारखं काही नाही, झाकून ठेवलं तर मात्र बिघडतं. दोन महिने औषध घ्यायचं आणि दर सोमवारी डोळे दाखवायला यायचं. माशाच्या तेलाची बाटली दिली आहे. शिवाय गाजर, शेवग्याचा पाला आणि लोणी खायला सांगितलं आहे. हे मी तुम्हाला इतकं सविस्तर कळवते, कारण मला स्वतःला ऐकून फार धीर आला.

मला संध्याकाळची सोबत लागेल. म्हणून गोदूला दोन महिने माझ्याकडं पाठवा. पाठवाच, मी नकार ऐकणार नाही. माझ्या भाकऱ्या होतील, तिची वहिदा बाईंकडं थोडी उर्दू होईल. बिडकीनच्या मंडळींना ज्येष्ठ संपल्यावर या म्हणून कळवा. आत्याचे डोळे आले आडवे, असं सांगितलं तर ते समजून घेतील. ते आले की मीही येईन आणि गोदूच्या शेजारीच राहीन. वहिनींना सांगा, सध्या तिला संध्याकाळच्या कामाला लावू नका, प्रवासाच्या आधी पोरीला विश्रांती मिळू द्या.

तिला सकाळच्या मोटारीनं बसवा, दुपारच्या नको. मी पैठण गेटाशी उभी राहीन. ते तेल फार घाण लागतं. एकटीनं घ्यायचं जिवावर येतं, तेव्हा तिनंही सोबत म्हणून रोज माझ्याबरोबर एक चमचा घ्यावा, असं मी ठरवलं आहे. तिला आधीच सांगून ठेवा, दोघींनी मिळून नाक धरायचं आहे.

सर्वांस यथायोग्य. वाट पाहते.

आपली,
द्वारका